सोनकानाचा पत्ता

त्या घरात कुणी खोटं बोलत नसे. उलटं बोलत.

सून लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिला हे कळलं, आणि ते कळण्यापायी तिचा अख्खा दिवस ओढ्याकाठी गेला. सासरे सकाळी बूट चढवता चढवता मोठ्यानं म्हणाले, "मी खालच्या ओढ्याला जातोय. दुपारी डबा घेऊन ये गं." नवी नवरी, आज्ञाधारक. डबा घेऊन ओढ्याला गेली आणि दगडावर बसून राहिली. डबा गार झाला, ऊन उतरलं, तरी सासऱ्यांचा पत्ता नाही. संध्याकाळी सासरे वरच्या कड्यावरून उतरले. टोपली भरलेली आणि पोट रिकामं. घरात हसून हसून मुरकुंडी वळली.

"अगं वेडे," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अळंबीवाल्याच्या घरात खाली म्हणजे वर. डावं म्हणजे उजवं. ऊन म्हणजे सावली. भिंतींना कान असतात म्हणतात ना? आमच्या भिंतीला तर पलीकडून शेजारीच कान लावून बसलेला असतो!"

मग हळूहळू तिला सवय झाली. इतकी, की कुणी सरळ बोललं तरी तिच्या मनात ते आपोआप फिरून उलटं व्हायचं.

डोंगरातल्या त्या रानात पाऊस ओसरून हवेत गारवा शिरला की जमीन फुटायची. देवानं काय काय म्हणून पेरून ठेवलं होतं! कुजक्या ओंडक्यावर, पानांच्या थराखाली, मुळांच्या खोबणीत. पिवळी, राखी, जांभळी, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी, मेणाच्या बोटासारखी. मोडली की दूध गाळणारी होती, तिचं नाव 'रडकी'. दोनदा उकळून पाणी ओतून दिल्याशिवाय जिचा कडूपणा जात नाही, ती 'सासू'. दिसायला देखणा, मोठा, छाती काढून उभा असलेला आणि चिरला की आत नुसत्या अळ्या, तो 'जावई'. ही नावं सासूबाईंच्या सासूच्याही आधीपासूनची. सुनेनं बावीस वर्षांत एकेक करून साठच्या वर प्रकार ओळखायला शिकून घेतले होते. कुठला कधी येतो, कुठल्या झाडाशी नातं ठेवतो, कुठला खाल्ला तर माणूस उठत नाही. आणि प्रत्येकाची जागा तिला सांगितली गेली होती. उलटी, पण सांगितली गेली होती.

एक सोडून. सोनकान.

सोनकान म्हणजे त्या रानाचा राजा. कानाच्या पाळीसारखा वळलेला, जर्दाळूच्या रंगाचा, आणि वासही पिकलेल्या फळासारखा. शहरातली मोठी हॉटेलं तो मागवत. इतर अळंबी पाटीभर विकावी तेव्हा जे मिळे ते त्याच्या दोन ओंजळींना मिळे. त्याच्यासारखीच दिसणारी एक होती, केशरी, खाल्ली तर दोन दिवस पोट धरून बसायला लावणारी. तिचं नाव 'सवत'.

सोनकानाची जागा घरातल्या एकाच बाईला ठाऊक असायची. पुरुषालासुद्धा नाही, पुरुष पितो आणि बोलतो, असा हिशेब. सासूनं सुनेच्या हातात आपली वेताची टोपली दिली की समजायचं, आता जागा सांगणार. टोपली विरळ विणीची होती. चालताना त्या फटींतून अळंबीचं बारीक बी रानात परत सांडत जातं, म्हणून दुसऱ्या कशात सोनकान आणायचा नाही, आणि उपटायचा नाही, लहान तर शिवायचाच नाही, हेही ठरलेलं.

दरवर्षी थंडीच्या सुरुवातीला एका पहाटे सासूबाई उठायच्या. सून अंथरुणात जागीच असायची. कडी वाजायची, बूट वाजायचे आणि मग गार वारा तिच्या तोंडावर यायचा, कारण एरवी दार उघडं टाकलं म्हणून घरादाराला फाडून खाणाऱ्या सासूबाई त्या एका दिवशी दार लोटायलाच विसरायच्या. सून उठायची, दार हळूच लावून घ्यायची आणि परत पडायची. कुठं चाललात म्हणून तिनं कधी विचारलं नाही. टोपली मागणं म्हणजे 'तुम्ही मरणार कधी' असं विचारण्यासारखंच. सांगतील तेव्हा सांगतील. मान राखून थांबायचं.

ती थांबली. सासरे गेले, मुलगी मोठी होऊन दुसऱ्या गावी शिकायला गेली, नवरा लाकडाच्या गिरणीत करवतीपाशी उभा राहून राहून एका कानानं बहिरा झाला. ती स्वतः सुकवणीच्या शेडमध्ये निवडायच्या टेबलावर बसू लागली. रानातून आलेला माल आकारानं, जातीनं वेगळा करायचा आणि जाळ्यांवर पसरायचा. तरी ती थांबली. मग दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचे गुडघे गेले. त्या पहाटे कडी वाजली नाही. टोपली खुंटीवर राहिली. आता देतील, असं सुनेला वाटलं. नाही दिली.

आणि मग वहीवाला आला.

त्याचं खरं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही. विद्यापीठातून आलेला तिशीतला माणूस, गळ्यात भिंग, पाठीवर पिशवी आणि हातात सदोदित वही. 'डोंगराळ भागातील रानअळंब्यांचे प्रकार व त्यांचे आर्थिक मूल्य' यावर तो काम करत होता. गावात कुणी दाराशी उभं केलं नाही. अळंबीवाले त्याला नदी दाखवायचे आणि डोंगर सांगायचे. शेवटी तो या घरी आला आणि सासूबाईंसमोर मांडी घालून खालीच बसला.

"आजी, मला काही कळत नाही. तुम्ही शिकवाल?"

बस्स. इतकंच म्हणाला.

अकरा दिवस तो त्या स्वयंपाकघरात येत होता. पांढऱ्या कागदावर अळंबीची टोपी पालथी ठेवायचा. सकाळी उचलली की कागदावर तिच्या बियांची नक्षी उमटलेली असायची. सासूबाई लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवायच्या. "अरे, आयुष्य गेलं माझं हिच्यात आणि हे मला माहीतच नव्हतं!" तो नावं लिहून घ्यायचा. 'जावई' लिहिताना इतका हसला की पेन खाली पडलं. सून चहा ठेवायची आणि शेडला जायची. हंगाम होता, दुप्पट पाळी होती. संध्याकाळी परत यावं तर म्हातारीचे गाल तापलेले, डोळे चकाकलेले.

"काय गं, आजचा चहा पाणचट होता. पोरानं मुकाट्यानं प्यायला, बिचारा."

"तुमच्या पोरानं प्यायला ना? मग झालं तर."

"जळतेस होय?"

"कशाला जळू? चुलीवर तुमचंच दूध जळलंय, तेवढं बघा."

पुढल्या पावसाळ्याच्या शेवटी टपालानं पुस्तक आलं. जाड कागद, रंगीत चित्रं, आत एका पानावर सासूबाईंचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'ज्यांच्या उदारपणाशिवाय हे काम शक्य नव्हतं.' सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी: आजी, तब्येत सांभाळा, पुन्हा येईन.

सासूबाईंना आता अक्षरं दिसत नव्हती. पुस्तक मांडीवर घेऊन त्या पानांवरून नुसता हात फिरवत बसल्या. रात्रीच्या जेवणाआधी म्हणाल्या, "सत्ताविसावं वाच. पोरानं आकडा सांगून ठेवलाय."

सुनेनं वाचलं. "'सत्तावीस. स्थानिक नाव सोनकान. या भागातील सर्वाधिक मूल्याची रानअळंबी.'" पुढे भाव होता, ठळक अक्षरांत. मग: "'आढळ: जुन्या चुनाभट्टीच्या वर, झऱ्याच्या डाव्या हाताला, सावलीच्या उतारावर, सर्वांत जुन्या झाडांच्या मुळांशी.'"

सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"बरोबर लिहिलंय पोरानं," म्हातारी म्हणाली, आणि पुस्तक मिटायला लावलं.

सून भांडी घासायला बसली आणि भांडी घासता घासता हसू लागली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बावीस वर्षं! म्हातारीनं सांगितलं तर सांगितलं, तेही असं, भर दरबारात, छापील पुस्तकात, आणि तरी एकटीला कळेल असं! भट्टीच्या वर म्हणजे खाली. डावं म्हणजे उजवं. सावली म्हणजे ऊन. सगळं जग पत्ता वाचील आणि सगळं जग चुकेल.

तिनं नवऱ्याच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तो विचारात पडला.

"आणि आईनं खरंच सांगितलं असलं तर? सरळ?"

"तुमच्या आईनं? परक्याला?" ती म्हणाली. "अहो, त्यांनी तुमच्या वडिलांना मरेपर्यंत उलटी वाट सांगितली. शेवटच्या आजारात औषधाची बाटली उजव्या फळीवर आहे म्हणाल्या, तर तुम्ही डाव्या फळीवर शोधलीत की नाही?"

"शोधली खरी."

"आणि सापडली."

"सापडली," तो म्हणाला आणि हसला.

तिनं ठरवून ठेवलं. या वर्षीचा सोनकान आणायचा, मुलीच्या पुढच्या वर्षाची सोय करायची, आणि पहिली ओंजळ म्हातारीच्या मांडीत ठेवायची. बोलायचं काहीच नाही. टोपली मात्र तिनं खुंटीवरून काढली नाही. ती हातात मिळायला हवी होती. आपली साधी पाटी घेतली.

सुटीच्या दिवशी ती भट्टीखाली उतरली. उन्हाचा उतार, झऱ्याचा उजवा हात. दुपारपर्यंत गुडघ्यांवर रांगली. पानं उचलून खाली बघितलं आणि पुन्हा जशीच्या तशी झाकली. काही नाही. पुढल्या सुटीला परत गेली. तेव्हा तिला एका मुळाशी केशरी झळक दिसली. जवळ जाऊन वास घेतला. सवत.

सवतच सवत. एक पाटी भरली असती.

लवकर आले आपण, तिनं स्वतःला समजावलं. राजा आहे तो. राजा काय वेळेवर येतो?

सासूबाई रोज संध्याकाळी तिच्या बुटांकडे मान वळवायच्या. डोळे धूसर, पण नाक शाबूत. ओल्या मातीचा वास आला की विचारायच्या, "कुठं गेली होतीस?"

"खालच्या ओढ्याला," सून म्हणायची, म्हणजे वर कुठंतरी. खरं तर ती खालीच गेली होती; पहिली ओंजळ मांडीत पडेपर्यंत म्हातारीला कळू द्यायचं नव्हतं. या घरात दुसऱ्यांना फसवता फसवता माणूस आपल्यालाच कसा फसवून बसतो, ते तिला तेव्हा उमगलं नाही. म्हातारी समाधानानं मान हलवायची.

तिसऱ्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, शेडच्या दारात एक बंदिस्त गाडी उभी राहिली. दोन माणसांनी प्लास्टिकच्या गोण्या ओढत आणल्या आणि सुनेच्या टेबलावर एक पालथी केली.

आधी वास आला. पिकलेल्या फळाचा.

मग रंग. टेबलभर, टेबलाच्या कडेवरून खाली, जर्दाळूचा रंग. गोणीत कोंबल्यानं निम्मे चुरगळलेले. मोठे होते, मधले होते, आणि नखाएवढे होते, ज्यांना कुणी कधी हात लावला नसता. मुळांना मातीचे गड्डे तसेच. आणि त्या मातीत कुजल्या पानांचं काळं, ओलं पानकूट आणि हिरवं शेवाळं. ऊन कधी लागत नाही तिथलं शेवाळं.

"काय बघत बसलीस ताई?" मुकादम खुशीत होता. "हात चालव. असा माल या टेबलानं कधी पाहिला नसेल. एक नंबर, दोन नंबर, आणि बारकं सगळं तिसऱ्या जाळीत."

"कुठनं आणलाय?"

गाडीवाला हसला. "कुठनं म्हणजे? पुस्तकात पत्ता दिलाय की! चुनाभट्टीच्या वर, झऱ्याच्या डावीकडं. आम्हाला वाटलं, ही अळंबीवाली माणसं, थापा मारल्या असतील. पण नाही हो. कुणीतरी भला माणूस भेटलेला दिसतोय. अगदी बोट धरून नेल्यासारखं लिहिलंय."

"किती गोण्या?"

"नऊ. उद्या उरलंसुरलं बघू. दाताळं आहेच."

तिनं निवडलं. काय करणार? पाळी सुटायला चार तास होते. आपल्या हातांनी तिनं मोठे एका बाजूला केले, मधले एका बाजूला, आणि नखाएवढे तिसऱ्या जाळीत पसरले. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते शेवटी तिच्या हातात आलं होतं. देवाचं देणं सरळच असतं. वाकडी होते ती माणसाची ओंजळ.

पाळी सुटल्यावर ती घरी गेली नाही, भट्टीच्या वर गेली. झऱ्याच्या डाव्या हाताला वळली. तिथं सावली होती, आणि तिनं कधी पाहिली नव्हती इतकी जुनी झाडं होती. त्यांच्या मुळांशी जमीन नांगरल्यासारखी. दाताळ्यानं शेवाळं सोलून ढिगारे केले होते. पानकुटाचा थर उलटा पडला होता आणि त्याच्या पोटातले पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वर येऊन वाऱ्यानं सुकून गेले होते. हे धागे म्हणजेच खरं झाड, आजी, वर दिसतं ते नुसतं फळ; वहीवालाच सांगत होता एकदा, चहा घेताना. तिनं दोन्ही हातांनी थोडं पानकूट परत पसरलं. किती पसरणार? अर्ध्या उतारापर्यंत उघडंच होतं.

घरी आली तेव्हा सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"आलीस? सावलीचा वास येतोय आज," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, हसून, "मिळालं?"

"मिळालं. नऊ गोण्या," सून म्हणाली. "गाडीवाल्यांना. बारकं, मोठं, सगळं. जमीन सोलून ठेवलीय."

म्हातारीचं हसू तसंच राहिलं, नुसतं चेहऱ्यावर अडकलेलं.

"आणि तू? तू तर दर सुटीला जात होतीस. मला वाटलं जाऊन बघून येतेयस. वर."

"मी खाली जात होते. उन्हात. तुम्ही उलटं सांगितलं असेल म्हणून." तिचा आवाज चढला. "परक्या माणसाला तुम्ही सरळ सांगितलंत! मला बावीस वर्षांत एकदा नाही. सरळ नाही, उलटं नाही. त्यानं काय केलं होतं असं?"

"विचारलं," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"विचारलं त्यानं. समोर बसून. तू कधी विचारलंस?"

"विचारायचं नसतं ना! तुमचाच रिवाज. टोपली हातात देईपर्यंत..."

"माझ्या हातात कुणी दिली होती?" म्हातारी म्हणाली. "माझी सासू मेली तरी तिच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. पाच वर्षं वाट पाहिली मी. सहाव्या वर्षी पहाटे ती निघाली तशी मी अनवाणी तिच्या मागनं गेले. चोरून. तिला कळलं असणार. वाटेत दोनदा थांबली, वळली मात्र नाही. मला वाटलं, रीत अशीच असेल."

सून तिथंच खाली बसली.

"मीही थांबायचे," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या वळणावर. भट्टीपाशी. बूट मुद्दाम वाजवायचे जाताना. दार उघडं टाकायचे."

"दार..."

"तू उठायचीस. पावलं ऐकू यायची मला अंगणात. म्हणायचे, आली, आज आली. आणि तू दार लावून घ्यायचीस."

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. आता नवरा येईल, हात धुवील, काय झालं म्हणून विचारील आणि त्याच्या चांगल्या कानात हे सगळं पुन्हा पहिल्यापासून ओतावं लागेल.

"मग गुडघे गेले," म्हातारी पुढे म्हणाली, अगदी हळू. "म्हटलं, आता चालून दाखवता येत नाही. पोरगा लिहून घेतोय, लिहू दे. हिला वाचता येतं. जन्मात एकदा सरळ सांगितलं बघ. तुझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं, आणखी काय करायचं होतं मी?"

सुनेला वाटलं, ओरडावं. वाटलं, तिच्या मांडीत डोकं ठेवावं. यातलं काहीच तिला जमलं नाही. बावीस वर्षांत सराव नव्हता.

"दुसरी जागा आहे?" तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"नाही."

ती म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. धूसर डोळे, मिटलेले ओठ. नाही म्हणजे नाही, की नाही म्हणजे आहे? तिच्या मनानं सवयीनं शब्द उचलला, फिरवला, पालथा करून बघितला, पुन्हा उलथा केला. दोन्ही बाजूंनी तो सारखाच दिसत होता.

ती उठली. खुंटीवरून वेताची टोपली काढली. आत धूळ होती आणि तळाच्या विणीत अडकलेला, वाळून चामड्यासारखा झालेला जर्दाळू रंगाचा एक तुकडा. तो तिनं काढला नाही. टोपलीत चुलीची लाकडं भरली आणि ती चुलीपाशी ठेवली.

आवाजावरून सासूबाईंना काय ते कळलं.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

सरळ म्हणाल्या की उलट, ते सुनेनं विचारलं नाही. तिनं उठून दार लावून घेतलं.